वर्णन आणि आज्ञा : विमानवाहू नौकेवरील संकेतभाषा व अपघात-निवारण

विमानवाहू नौकेच्या पिछाडीस, डाव्या कडेला, एक अधिकारी उभा आहे. त्याच्या दोन्ही हातांत टेनिसच्या रॅकेटीएवढी रंगीत पॅडले आहेत. समुद्रावरून एक विमान नौकेच्या दिशेने उतरत येत आहे, आणि हा अधिकारी दोन्ही हात खांद्यांच्या वर तिरपे उचलतो. वैमानिकाने या खुणेचा अर्थ काय समजावा? दुसऱ्या महायुद्धाच्या काळी अमेरिकन नौदलात तिचा अर्थ होता, ‘तुम्ही फार वर आहात’. सबब वैमानिकाने खाली यावयाचे. ब्रिटिश नौदलात नेमक्या त्याच खुणेचा अर्थ होता, ‘वर या’. तेथे वैमानिकाने वर जावयाचे. एकच खूण, एकच हेतू, आणि परिणाम मात्र परस्परविरुद्ध. पॅसिफिक महासागरात ही दोन नौदले एकत्र कार्य करू लागली तेव्हा हा भेद केवळ कुतूहलाचा विषय उरला नाही. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी आपली पद्धत सोडून अमेरिकन पद्धत स्वीकारली.

नौदलाच्या विमानोड्डाणासारख्या विषयात भाषाशास्त्राच्या अध्यापकाने का शिरावे, अशी शंका काही वाचकांना येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर वरील उदाहरणातच आहे. दोन्ही नौदलांतील संकेत स्पष्ट होते, शिकविलेले होते व सर्वांना पाठ होते. भेद होता तो व्याकरणाचा. अमेरिकन संकेत स्वार्थी होता, ब्रिटिश संकेत आज्ञार्थी. आपल्या मराठीत नुसता ‘वर!’ हा शब्द कोणी ओरडला, तर तो वस्तुस्थिती सांगत आहे की काय करावे हे सांगत आहे, ते प्रसंगावरूनच ठरवावे लागते. एरवी असे ठरविण्यास आपणांस पुरेसा वेळ असतो. नौकेवर उतरणाऱ्या वैमानिकास तो नसतो.

वेळ किती असतो, हे येथे सांगणे अवश्य आहे. आजच्या मोठ्या अमेरिकन नौकेवर जेट विमान ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने उतरते. शेवटच्या सरळ टप्प्यात त्याला पंधरा ते अठरा सेकंद मिळतात. उतरण्याची जागा म्हणजे डेकवर आडव्या ताणलेल्या तीन किंवा चार पोलादी तारा. विमानाच्या शेपटाखालचा आकडा त्यांपैकी एकीत अडकला पाहिजे. चाके डेकला टेकताच वैमानिक इंजिनाची शक्ती कमी करीत नाही, उलट ती पूर्ण वाढवितो. आकडा तारेत न अडकल्यास विमान पुन्हा आकाशात नेता यावे, हा त्यातील हेतू. विमान अपेक्षेपेक्षा थोडे खाली आले तर डेकच्या मागील कडेवर आदळते. थोडे वर राहिले तर सर्व तारा ओलांडून जाते. नौका पुढे जात असते, डोलत असते, आणि रात्र असेल तर क्षितिजही दिसत नाही.

अशा प्रसंगी संकेत वर्णनात्मक असावा की आज्ञात्मक? अमेरिकन पद्धतीत बहुतेक संकेत वर्णनात्मक असत: तुम्ही वर आहात, खाली आहात, वेग कमी आहे, एका बाजूस कललेले आहात. दोषाचे निवारण कसे करावयाचे, हे वैमानिकावर सोडलेले असे. मात्र दोन संकेत निरपवाद आज्ञा होते. पॅडले डोक्यावर जोराने हलविली की उतरणे रद्द करून वर निघून जावयाचे. एक पॅडल गळ्यावरून आडवे फिरविले की इंजिनाची शक्ती एकदम कमी करून उतरावयाचे. या दोन्हींत वैमानिकाला विचार करण्याची मुभा नव्हती. ही व्यवस्था पाहिली की आपल्याकडील मीमांसकांनी केलेल्या विधी आणि अर्थवाद या भेदाचे स्मरण होते. विधिवाक्य प्रवृत्त करते, अर्थवाद वस्तूचे कथन करतो, आणि एकास दुसरे समजल्यास कर्मच बिघडते. वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयासाठी उभारलेले हे शास्त्र पॅडलधारी अधिकाऱ्यास लागू करणे काहींना अतिप्रसंग वाटेल. मला तसे वाटत नाही. प्रश्न दोन्हीकडे एकच आहे: ऐकणाऱ्याने या उक्तीचे काय करावयाचे?

माझ्या मते ब्रिटिश पद्धत अमेरिकन पद्धतीहून स्वभावतः निकृष्ट होती असे म्हणता येणार नाही. आज्ञार्थी संकेत विचाराचा एक टप्पा वाचवितो. स्वार्थी संकेत वैमानिकाच्या निर्णयशक्तीस वाव देतो. धोका होता तो दोहोंच्या मिश्रणात.

पुढे या प्रश्नाला यंत्राने निराळे वळण दिले. १९५१ च्या सुमारास ब्रिटिश नौदलात दोन कल्पना जवळजवळ एकाच वेळी पुढे आल्या. एक डेनिस कॅम्बेल यांची तिरप्या डेकची, व दुसरी निकोलस गुडहार्ट यांची आरशाची. डेकचा उतरण्याचा पट्टा नौकेच्या मध्यरेषेशी काही अंशांचा कोन करून आखला, की तार चुकलेले विमान पुढे उभ्या असलेल्या विमानांवर न आदळता समुद्राच्या बाजूने निघून जाऊ शकते. गुडहार्ट यांनी आपली कल्पना कार्यालयातील एका स्त्रीचा आरसा व ओठांची लाली यांच्या साहाय्याने सहकाऱ्यांस दाखविली, अशी आख्यायिका आहे. अंतर्गोल आरशात पडलेला प्रकाशाचा गोल दोन्ही बाजूंच्या हिरव्या दिव्यांच्या रेषेत दिसला, तर विमान योग्य उताराने येत आहे. गोल रेषेच्या वर दिसला तर विमान वर आहे, खाली दिसला तर खाली. अमेरिकन नौदलाने १९५५ साली ‘बेनिंग्टन’ या नौकेवर आरशाच्या साहाय्याने पहिले अवतरण केले. आरशाची जागा पुढे भिंगांनी घेतली, पण तत्त्व तेच राहिले.

आपली पहिली ‘विक्रांत’ ही मूळची ब्रिटिश युद्धकालीन नौका. भारतासाठी ती पूर्ण करताना तिला तिरपा डेक व आरसा मिळाला. १९६१ च्या मार्चमध्ये ती बेलफास्ट येथे नौदलात दाखल झाली, आणि त्याच वर्षी १८ मे रोजी लेफ्टनंट ताहिलियानी (पुढे नौदलप्रमुख झाले ते) यांनी तिच्या डेकवर पहिले सी हॉक विमान उतरविले. म्हणजे आपल्या नौदलाचे डेकवरील विमानोड्डाण पॅडलांच्या युगानंतर सुरू झाले. मुंबईत २००१ पासून सुमारे दशकभर ती संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा अनेक वाचकांनी तिचा डेक पायांखाली घातला असेल. त्यावर उभे राहिले म्हणजे तो किती आखूड आहे, हे पुस्तकावाचून समजत असे.

आरशाने अवतरण-संकेत अधिकाऱ्याचे काम संपविले, असे प्रथम काहींना वाटले होते. तसे झाले नाही, आणि त्याचे कारण आमच्या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. आरसा केवळ वर्णन करतो. ‘तू खाली आहेस’ एवढेच तो सांगू शकतो. ‘परत जा’ असे तो आपण होऊन म्हणू शकत नाही. डेकवर अचानक अडथळा आला, नौका लाटेवर उचलली गेली, वैमानिक थकव्यामुळे गोलाकडे पाहत असूनही त्याला प्रतिसाद देत नसला, तर आज्ञा देण्यास मनुष्यच लागतो. म्हणून आरसा आल्यानंतरही अधिकारी राहिला. त्याच्या हातांत आता टेलिफोनचा रिसीव्हर असतो व परतीच्या दिव्यांची कळ असते. पॅडले गेली, तरी अमेरिकन वैमानिक त्याला आजही ‘पॅडल्स’ या नावानेच हाक मारतात. साधन नष्ट होऊन नाव उरण्याचे हे एक बोलके उदाहरण आहे.

या अधिकाऱ्याच्या रेडिओवरील उक्तींचे अमेरिकन नियमपुस्तिकेत तीन वर्ग केलेले आहेत: माहिती देणाऱ्या, सावध करणाऱ्या व आज्ञा देणाऱ्या. ‘तुम्ही वर आहात’ ही माहिती. ‘खाली बसू देऊ नका’ ही सावधगिरी. ‘पॉवर’ व ‘वेव्ह ऑफ’ या आज्ञा. आज्ञेला तत्काळ प्रतिसाद द्यावयाचा, त्यावर प्रश्न नाही. ब्रिटिश व अमेरिकन खुणांच्या संघर्षात जो भेद अव्यक्त होता, तो येथे नियमाने व्यक्त केला आहे. मात्र वर्गीकरणात पूर्णपणे न मावणारी एक गोष्ट उरतेच, ती म्हणजे स्वर. ‘पॉवर’ हा शब्द संथपणे उच्चारला तर ‘किंचित शक्ती द्या’ असा त्याचा भाव असतो. तोच शब्द चढ्या, तुटक आवाजात आला की ‘सर्व शक्ती, आत्ता’. आघात व सुरावली यांना अर्थभेदकता असते की केवळ भावदर्शकता, हा वाद आमच्या वर्गांत वर्षानुवर्षे चालतो. डेकच्या कडेवर उभ्या असलेल्या अधिकाऱ्यापुरता तो निकालात निघालेला आहे.

वैमानिकाचे उत्तरही असेच बांधीव असते. सुमारे पाऊण मैलावर तो आपल्या विमानाचा क्रमांक, जात, ‘बॉल’ हा शब्द व उरलेले इंधन एवढेच बोलतो. ‘बॉल’ म्हणजे मला प्रकाशाचा गोल दिसत आहे. अधिकारी ‘रॉजर बॉल’ म्हणतो. गोल दिसत नसेल तर वैमानिकाने ‘नो बॉल’ म्हणावयाचे नाही. त्यासाठी ‘क्लारा’ हा सर्वस्वी निराळा शब्द आहे. या शब्दाच्या उगमाच्या चर्चेत न शिरता त्याचा उपयोग पाहू. रेडिओच्या खरखरीत ‘नो’ हा एकाक्षरी शब्द गळला, तर उरलेल्या उक्तीचा अर्थ मूळ अर्थाच्या नेमका उलट होईल. ‘क्लारा’ अर्धवट ऐकू आला तरी त्याचा ‘बॉल’ होत नाही. नकार हा वाक्याचा सर्वांत मोलाचा व सर्वांत नाजूक अवयव होय, आणि मराठीत तर तो वाक्याच्या अगदी शेवटी येतो. ‘दिवा दिसत नाही’ यातील शेवटचा शब्द तुटला की ‘दिवा दिसत’ एवढेच कानी पडते. ‘उतरू नका’ याची कथा याहून निराळी नाही.

डेकवरून विमान उडविताना तर बोलण्याचा उपयोगच नसतो, इतका कल्लोळ असतो. तेथे सर्व व्यवहार खुणांनी चालतो, आणि कोणाची खूण मानावयाची हे सदऱ्याच्या रंगावरून ठरते. पिवळा सदरा विमाने हलविणाऱ्यांचा व उड्डाण घडवून आणणाऱ्यांचा, जांभळा इंधनवाल्यांचा, तांबडा शस्त्रास्त्रे व आग यांच्याशी संबंधितांचा. कॅटापल्टला विमान जोडण्यापूर्वी एक सेवक विमानाचे वजन लिहिलेला फलक वैमानिकास दाखवितो. वैमानिक खुणेने ते मान्य करतो, आणि मगच त्या वजनास योग्य असा जोर यंत्रात भरला जातो. सर्व सिद्ध झाल्यावर वैमानिक सलाम करतो. या सलामाचा आदराशी फारसा संबंध उरलेला नाही. त्याचा अर्थ ‘मी सिद्ध आहे, मला फेका’ एवढाच आहे, आणि तो केल्यानंतर वैमानिकाच्या हाती फारसे काही राहत नाही. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत, ज्यांच्या उच्चाराबरोबरच कृती घडते अशा उक्तींची चर्चा केली. विवाहातील संमती, पैज लावणे ही त्याची उदाहरणे. कॅटापल्टवरील सलाम त्या यादीत शोभून दिसला असता.

येथवर उड्डाणाच्या क्षणीची भाषा पाहिली. अपघात घडून गेल्यावर जी भाषा वापरली जाते तिचाही निवारणाशी तितकाच निकट संबंध आहे. १९५४ या एका वर्षात अमेरिकन नौदल व मरीन दल यांनी ७७६ विमाने व ५३५ माणसे गमावली. कोरियातील युद्ध त्यापूर्वीच थांबले होते. जेट विमाने नवी होती, डेक जुने होते, आणि प्रत्येक स्क्वाड्रनची कामाची रीत वेगळी होती. वैमानिकाच्या स्वतःच्या कौशल्यावर भिस्त ठेवणारी वृत्ती त्या काळी प्रतिष्ठेची मानली जाई.

या वृत्तीशी झगडण्यासाठी जे लेखन झाले त्याचे दोन नमुने येथे नोंदवितो. पहिला म्हणजे रॉबर्ट ऑस्बर्न या चित्रकाराने १९४३ पासून रेखाटलेला ‘ग्रॅम्पॉ पेटिबोन’ हा दाढीवाला, संतापी आजोबा. घडलेल्या अपघाताची हकीकत द्यावयाची व खाली आजोबांनी खरपूस समाचार घ्यावयाचा, अशी त्या सदराची रीत. याच चित्रकाराचा धांदरट ‘डिलबर्ट’ इतका लोकप्रिय झाला की त्याचे विशेषनाम वैमानिकांच्या बोलीत घोडचुकीचे सामान्यनाम बनले. दुसरा नमुना १९५५ च्या जुलैत सुरू झालेल्या ‘अप्रोच’ या सुरक्षितताविषयक मासिकातला. तेथे वैमानिक आपल्या हातून घडलेल्या, पण सुदैवाने निभावलेल्या चुका नाव न देता लिहून पाठवीत. अशा निनावी लेखकास ‘एनीमाउस’ म्हणत. ‘अनॉनिमस’ या शब्दाची मोडतोड करून त्यात उंदीर बसविलेला. (मराठीत ‘अनामूषक’ म्हणता येईल, पण त्याने कोणी हसेल असे वाटत नाही.) आजोबांच्या सदरात बोलणारा दुसरा असतो व चूक करणारा तृतीयपुरुषी असतो. उंदराच्या सदरात चूक करणाराच प्रथमपुरुषी बोलतो: मी चाके खाली करण्यास विसरलो, मी इंधनाचा आकडा चुकीचा वाचला. आजोबा मनोरंजक आहेत यात शंका नाही. परंतु नवे ज्ञान उंदराकडूनच येते, कारण जे अपघात घडता घडता राहिले ते दुसऱ्या कोणासच ठाऊक नसतात.

प्रथमपुरुषी कथन मिळवावयाचे तर सांगणाऱ्यास अभय द्यावे लागते. म्हणून अमेरिकन नौदलात मोठ्या अपघातानंतर दोन स्वतंत्र चौकश्या होतात. एक कायदेशीर, जिच्यातून जबाबदारी निश्चित होऊ शकते. दुसरी केवळ सुरक्षिततेसाठी, जिच्यासमोर दिलेली कथने गोपनीय राखण्याचे व शिक्षेसाठी न वापरण्याचे वचन दिलेले असते. २५ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘अब्राहम लिंकन’ या नौकेवर उतरताना लेफ्टनंट कारा हल्टग्रीन यांचे एफ-१४ विमान समुद्रात कोसळून त्यांचा अंत झाला. मागील आसनावरील अधिकारी वाचला. त्या नौदलाच्या आरंभीच्या स्त्री लढाऊ वैमानिकांपैकी असल्यामुळे या घटनेचा गाजावाजा फार झाला. कायदेशीर चौकशीच्या जाहीर अहवालाने डाव्या इंजिनाच्या बिघाडावर भर दिला. पुढे सुरक्षितता-चौकशीचा गोपनीय अहवाल फुटला, आणि त्यात वैमानिकाच्या कृतींचाही कारणांत समावेश होता. वृत्तपत्री वादात हे दोन अहवाल परस्परांस खोटे पाडतात असे मानले गेले. वस्तुतः ते दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे होते. ‘कोणाकडे दोष जातो?’ हा एक प्रश्न, आणि ‘कोणकोणत्या गोष्टी निराळ्या घडल्या असत्या तर अपघात टळता?’ हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात मृताच्या हालचालींचाही निःसंकोच उल्लेख असावयाचाच, आणि तो निःसंकोच राहावा म्हणूनच तो खाजगी. तो उत्तरादाखल चव्हाट्यावर आला म्हणजे मृतावर अन्याय होतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, पुढच्या अपघातात वाचलेला मनुष्य चौकशीपुढे जपून बोलू लागतो.

अशा अहवालांतून जे हाती लागते ते शेवटी नियमांच्या रूपाने पुस्तकात येते. १९६१ साली अमेरिकन नौदलाने ‘नेव्हल एअर ट्रेनिंग अँड ऑपरेटिंग प्रोसिजर्स स्टँडर्डायझेशन’ ही व्यवस्था सुरू केली. आद्याक्षरांवरून तिला ‘नॅटॉप्स’ म्हणतात. प्रत्येक जातीच्या विमानासाठी एक पुस्तक, आणि एका स्क्वाड्रनमधून दुसरीत गेलेल्या वैमानिकासही तीच रीत. त्यातील नियम रक्ताने लिहिलेले आहेत असे वैमानिक म्हणतात, आणि हा अलंकार असला तरी अतिशयोक्ती नव्हे. या पुस्तकांच्या आरंभीच क्रियापदांचा अर्थ ठरवून दिलेला असतो. ‘शॅल’ म्हणजे बंधनकारक. ‘शुड’ म्हणजे शिफारस. ‘मे’ व ‘नीड नॉट’ म्हणजे ऐच्छिक. ‘विल’ हे केवळ भविष्यकाळाचे द्योतक, त्यातून बंधन कधीही सूचित होत नाही. त्याचप्रमाणे ‘वॉर्निंग’ म्हणजे दुर्लक्ष केल्यास मनुष्यास इजा किंवा मृत्यू, आणि ‘कॉशन’ म्हणजे साहित्याची हानी. इंग्रजी सहायक क्रियापदांची जी संदिग्धता साहित्यात रम्य वाटते ती येथे एका परिच्छेदात मोडून काढली आहे.

हा परिच्छेद मराठीत कसा आणावा, असा प्रश्न मी गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गास घातला. आपल्या नौदलाचा तांत्रिक व्यवहार इंग्रजीतच चालतो, हे खरे. परंतु ती पुस्तके वाचणाऱ्यांत मराठी मातृभाषेची मुले असतात, आणि ती मनात कशाचा अर्थ काय लावतात हा प्रश्न उरतोच. विद्यार्थ्यांचा पहिला हात साहजिकच ‘करावे’ या रूपाकडे गेला. दामल्यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ज्याला वाख्यात म्हटले ते हे रूप. ‘मुलांनी खरे बोलावे’ यात उपदेश आहे, ‘पाऊस पडावा’ यात इच्छा, ‘तो आता पोचला असावा’ यात तर्क, आणि ‘मीठ चवीनुसार घालावे’ यात सवलत. तेच रूप कार्यालयीन परिपत्रकात हुकूम होते. म्हणजे ‘उतरण्यापूर्वी चाके खाली असल्याची खात्री करावी’ हे वाक्य बंधन आहे की शिफारस, हे त्या रूपावरून कळण्यास मार्ग नाही. ‘केलीच पाहिजे’ हे बंधनास योग्य ठरले, व ‘करावी’ शिफारशीसाठी राखून ठेवावे असे ठरले. ‘इशारा’ आणि ‘सावधान’ यांत मात्र मृत्यूचा कोणता व मोडतोडीचा कोणता, यावर शेवटपर्यंत एकमत झाले नाही.

खरी अडचण भविष्यकाळात आली. ‘विल’ म्हणजे निव्वळ भविष्य, म्हणून ‘करील’, इतके सरळ भाषांतर एकाने सुचविले. त्यावर कायद्याची पदवी घेऊन आमच्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीने आक्षेप घेतला. महाराष्ट्राच्या अधिनियमांच्या मराठी पाठांत ‘शॅल’साठी सर्रास ‘करील’ हेच रूप योजलेले असते: राज्य शासन नियुक्ती करील, समिती अहवाल सादर करील. जे रूप वैमानिकाच्या पुस्तकात बंधनापासून कटाक्षाने दूर ठेवावयाचे, तेच आमच्या विधानभाषेत बंधनाचे मुख्य वाहन आहे. ‘विल’साठी दुसरे रूप शोधावे, की त्या वाक्यांची रचनाच बदलून भविष्यकाळ टाळावा, याविषयी वर्गात दोन तट पडले, आणि त्या परिच्छेदाचे भाषांतर तूर्त तेथेच थांबले आहे.